ईएमएमसी ड्रायव्हरमध्ये हार्डवेअर एन्क्रिप्शन: जोडायचं कसं आणि खरंच चालतंय का ते तपासायचं कसं

फाइल लिहिली, परत वाचली, जशीच्या तशी आली, म्हणजे एन्क्रिप्शन चालू झालं असं धरून बरेच जण पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवून मोकळे होतात. पण जरा थांबून बघा, कंट्रोलरने, म्हणजे प्रोसेसर आणि स्टोरेज चिप यांच्यामधल्या सर्किटने, काहीच एन्क्रिप्ट केलं नसतं तरी फाइल जशीच्या तशीच आली असती, आणि चुकीच्या कीने लॉक करून त्याच चुकीच्या कीने उघडलं तरी तशीच येते. स्टोरेज एन्क्रिप्शन बिघडलं तर कुणाला कळतच नाही, एरर येत नाही, मशीन बंद पडत नाही, सगळं मस्त चाललेलं दिसतंय आणि डेटा मात्र उघडा पडलेला. म्हणून या लेखात कोड जोडण्याइतकीच जागा मी तपासणीला दिलीय, आणि माझ्या मते तोच भाग जास्त महत्त्वाचा आहे.

हे सगळं लिहायचं कारण आपल्या कोल्हापुरातलंच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत जावा, फाउंड्रीत भट्टीचं तापमान, मेटलचं कॉम्पोझिशन, कुठल्या हीटमध्ये (एका वेळच्या वितळणीत) काय घातलं याची नोंद ठेवणारे छोटे लिनक्स बोर्ड आता जागोजागी बसलेत. मशीन शॉपमध्ये तर गिऱ्हाईकाची ड्रॉइंगं आणि सीएनसीचे प्रोग्रॅम त्यातच. बोर्ड बिघडला की नवा बसतो आणि जुना भंगारात जातो, आणि त्यावरची ईएमएमसी, म्हणजे डेटा साठवणारी फ्लॅश मेमरीची चिप, काढून रीडरवर लावली की सगळा डेटा समोर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर किती पॅनेल आणि कंट्रोलर भिजून बाहेर निघाले ते आपण बघितलंय, पण चिप पाण्यात गेली म्हणून तिच्यातला डेटा पुसला जात नसतो. तेव्हा इथे बोर्ड बनवणाऱ्या आणि कर्नलमध्ये हात घालणाऱ्या पोरांना हे काम नीट यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लिनक्स कर्नल कंपाइल करता येतो, ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन काय असतं ते माहीत आहे, आणि कंट्रोलरची डेटाशीट हातात आहे, एवढं मी धरून चाललोय.

आधी बघा, हे लागतंय का

एन्क्रिप्शन तीन ठिकाणी होऊ शकतं. पहिलं सीपीयूवर, म्हणजे अख्ख्या डिस्कचं डीएम-क्रिप्ट किंवा फाइलसिस्टीमचं एफएस-क्रिप्ट. दुसरं ड्राइव्हच्या आत, ज्याला सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राइव्ह म्हणतात. आणि तिसरं या दोघांच्या मधे, होस्ट कंट्रोलरमध्ये, डेटा रॅममधून चिपकडे जाताना वाटेतच. या तिसऱ्याला इनलाइन एन्क्रिप्शन म्हणतात आणि हा लेख त्याच्यावर आहे.

सीपीयूत एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या खास इन्स्ट्रक्शन असतील तर सॉफ्टवेअरनेही काम भागतं, आधी मोजून बघा. पण सगळ्या एआरएम चिपमध्ये त्या नसतात, रास्पबेरी पाय ४ घ्या, त्यातल्या कॉर्टेक्स ए७२ ला त्या दिलेल्याच नाहीत आणि एईएस लावलं की फरक लगेच जाणवतो. अशा ठिकाणी आणि कंट्रोलरमध्येही सोय नसेल तर कर्नल ५.० पासून एडिएंटम ही दुसरी एन्क्रिप्शन पद्धत आहे, ती एईएसच्या इन्स्ट्रक्शनशिवायही चांगली पळते. कंट्रोलरमध्ये क्रिप्टो इंजिन असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ.

ड्राइव्हच्या आतल्या एन्क्रिप्शनवर मी आंधळा विश्वास ठेवत नाही आणि त्याला कारण आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हॅन गॅस्टेल यांनी बाजारातल्या नावाजलेल्या एसएसडी उघडून तपासल्या, तर काहींमध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची की यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता, पासवर्ड न देताही डेटा काढता येत होता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क एन्क्रिप्शनचं डिफॉल्ट बदलून सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन केलं. तिथे अडचण अशी की ड्राइव्ह आत काय लिहितो ते बाहेरून बघायची सोयच नसते. इनलाइनमध्ये ती सोय असते, चिपवर पडलेला सायफरटेक्स्ट, म्हणजे एन्क्रिप्ट झालेला डेटा, आपण उचलून सॉफ्टवेअरने काढलेल्या उत्तराशी ताडून बघू शकतो. मला इनलाइन आवडतं ते स्पीडपेक्षा याच्यामुळे जास्त.

कर्नलमध्ये आयतं काय मिळतं

२०२० मध्ये कर्नल ५.८ ला ब्लॉक लेयरमध्ये (फाइलसिस्टीम आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या थरात) बीएलके-क्रिप्टो ही इनलाइन एन्क्रिप्शनची सोय आली, ५.९ ला ईएक्सटी४ आणि एफ२एफएस या फाइलसिस्टीमना इनलाइनक्रिप्ट हा माउंट ऑप्शन आणि यूएफएस या दुसऱ्या जातीच्या स्टोरेज चिपचा सपोर्ट आला, आणि ५.१२ ला ईएमएमसीचा. त्यामुळे पाया तयार आहे, तुम्हाला फक्त तुमचा कंट्रोलर त्याला जोडायचाय.

यात दोन शब्द सारखे येणार. एक कीस्लॉट, कंट्रोलरमधल्या की ठेवायच्या जागा. अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर कप्पे मोजके असतात आणि आपल्या हातात फक्त टोकन नंबर येतो, तसंच इथे रिक्वेस्टबरोबर की जात नाही, फक्त स्लॉटचा नंबर जातो. दुसरा शब्द डीयूएन, म्हणजे डेटा युनिट नंबर. स्टोरेजसाठी एईएस ज्या एक्सटीएस मोडमध्ये वापरतात त्यात तोच डेटा दोन ठिकाणी लिहिला तरी सायफरटेक्स्ट वेगळा यावा म्हणून प्रत्येक डेटा युनिटला एक नंबर द्यावा लागतो, तो हा. डेटा युनिट बहुतेक वेळा ४०९६ बाइटचं घेतात.

पायरी १: कंट्रोलरला विचारा तुला काय येतंय

ईएमएमसीच्या कमांड क्यूचं स्टँडर्ड इंटरफेस सीक्यूएचसीआय. त्याच्या कॅपॅबिलिटी रजिस्टरचा २८ वा बिट सेट असला तर क्रिप्टो आहे. मग हेक्स १०० ऑफसेटवरचं क्रिप्टो कॅपॅबिलिटी रजिस्टर वाचायचं, त्यात तीन गोष्टी मिळतात: अल्गोरिदमच्या नोंदी किती, कीस्लॉट किती आणि स्लॉटचा टेबल कुठे सुरू होतो. स्लॉटची संख्या तिथे एकने कमी लिहिलेली असते, ३१ दिसलं तर स्लॉट ३२. हा एक विसरला तर शेवटचा स्लॉट कधीच वापरला जात नाही, आणि एरर मात्र कुठेच येत नाही. टेबलच्या जागेला हेक्स १०० ने गुणायचं मग खरा ऑफसेट मिळतो.

त्यापुढच्या प्रत्येक नोंदीत अल्गोरिदम, कीची साइज आणि कुठल्या डेटा युनिट साइज चालतात त्याचा मास्क असतो. एईएस-२५६-एक्सटीएसची नोंद कीची साइज २५६ बिट असं सांगते, पण ब्लॉक लेयर तुमच्याकडे ६४ बाइटची की पाठवतो म्हणजे ५१२ बिट, कारण एक्सटीएसला दोन की लागतात, एक डेटासाठी आणि एक ट्वीकसाठी, म्हणजे डीयूएनवरून येणाऱ्या फरकासाठी. या नोंदीत ५१२ शोधत बसलात तर तुमच्या कंट्रोलरला काहीच येत नाही असं वाटेल.

कंट्रोलर या स्टँडर्डप्रमाणे चालत असेल तर ही सगळी वाचावाची कर्नलमधली सीक्यूएचसीआय-क्रिप्टोची फाइल स्वतःच करते. तुम्ही होस्टच्या कॅप्स-२ या क्षमतांच्या फील्डमध्ये क्रिप्टोचा फ्लॅग लावायचा, कर्नल कॉन्फिगमध्ये ब्लॉक लेयरचं इनलाइन एन्क्रिप्शन आणि एमएमसी क्रिप्टो चालू करायचं, झालं. अशा वेळी पायरी २ ते ४ नुसत्या वाचा आणि थेट तपासणीवर या. बाकीच्यांसाठी पुढचं आहे.

पायरी २: प्रोफाइल भरा

ड्रायव्हरला काय जमतं ते ब्लॉक लेयरला सांगायचं साधन म्हणजे बीएलके-क्रिप्टो-प्रोफाइल हे स्ट्रक्चर. जुन्या कर्नलमध्ये याला कीस्लॉट मॅनेजर म्हणायचे, ५.१६ पासून नाव बदललं, तेव्हा वेंडरने दिलेला जुना कोड बघून गोंधळू नका. प्रोबमध्ये याचं डेव्हएम वालं (डिव्हाइस गेलं की आपोआप साफ होणारं) इनिट फंक्शन स्लॉटची संख्या देऊन बोलवायचं. की स्लॉटमध्ये न ठेवता प्रत्येक रिक्वेस्टबरोबर मागणारं हार्डवेअरही असतं, सॅमसंग एक्सिनॉसचं तसं आहे, तिथे स्लॉट शून्य द्यायचे.

मग प्रोफाइलमध्ये भरायचं ते असं: कुठला मोड आणि त्याच्यात कुठल्या डेटा युनिट साइज, डीयूएन जास्तीत जास्त किती बाइटचा, कुठल्या प्रकारच्या की चालतात, आणि डिव्हाइसचा पॉइंटर. कीचा प्रकार ६.१५ पासून सांगावा लागतो, आपल्यासाठी रॉ, म्हणजे साधी उघडी की.

डीयूएनच्या बाइटचा आकडा हौसेने मोठा लिहू नका. सीक्यूएचसीआयमध्ये डीयूएनला ३२ बिटच आहेत, तेव्हा इथे ४ च. ८ लिहिलं तर ब्लॉक लेयर विश्वासाने ६४ बिटांचे नंबर पाठवेल, वरचे बिट गळून पडतील आणि वेगवेगळे ब्लॉक एकाच नंबरने एन्क्रिप्ट होतील. वाचताना तीच चूक उलट्या बाजूने होते म्हणून फाइल बरोबरच दिसते.

डिव्हाइसचा पॉइंटर भरायचा तो रनटाइम पॉवर मॅनेजमेंटसाठी. झोपलेल्या कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये की लिहून उपयोग नाही, म्हणून ब्लॉक लेयर आधी डिव्हाइस जागं करतो आणि मगच लॉक घेऊन तुमच्या फंक्शनमध्ये येतो. हा क्रम उलटा झाला तर जागं होताना परत की भरायचं काम त्याच लॉकमध्ये अडकेल.

प्रोबमध्ये अजून एक काम, सगळे स्लॉट रिकामे करून घ्या. बूटलोडरने किंवा आधीच्या कर्नलने काय भरून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं. मग प्रोफाइल क्यूला रजिस्टर करायचं. एमएमसीमध्ये हे कोअर, म्हणजे सगळ्या एमएमसी ड्रायव्हरचा सामाईक कोड, करतं. डिस्कला ब्लॉक इंटिग्रिटी (डेटाबरोबर तपासणीचे बाइट ठेवायची सोय) असेल तर रजिस्टर होत नाही, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

पायरी ३: की घालायची, की काढायची

इथे दोन कॉलबॅक लिहायचे, कीस्लॉट प्रोग्रॅम आणि कीस्लॉट इव्हिक्ट. कुठली की कुठल्या स्लॉटमध्ये, बरेच दिवस न वापरलेली कुठली बाहेर काढायची, सगळे स्लॉट वापरात असतील तर थांबायचं कसं, हे ब्लॉक लेयर बघतो, त्याच्यात तुम्ही हात घालू नका.

प्रोग्रॅममध्ये रजिस्टर लिहायचा क्रम महत्त्वाचा. स्लॉटच्या नोंदीत पहिले ६४ बाइट की, आणि त्याच्यापुढच्या ३२ बिटांच्या शब्दात डेटा युनिट साइज, अल्गोरिदमचा इंडेक्स आणि एनेबल बिट. आधी हा शब्द शून्य करायचा म्हणजे स्लॉट बंद, मग कीचे शब्द लिहायचे, आणि एनेबल असलेला शब्द अगदी शेवटी. मधेच अर्धी जुनी अर्धी नवी की चालू राहिली तर ती कीच नाही. आणि डेटा युनिट साइजच्या खान्यात ४०९६ लिहायचं नसतं, ५१२ च्या पटीत लिहायचं, म्हणजे ८. स्टॅकवर की कॉपी केली असेल तर काम झाल्यावर मेमझिरो-एक्सप्लिसिटने पुसा, साधा मेमसेट कंपायलर काढून टाकू शकतो.

सगळ्या चिपवर कर्नलला की रजिस्टरमध्ये लिहायचा अधिकारच असतो असं नाही. क्वालकॉमच्या आयसीई या क्रिप्टो इंजिनमध्ये की सिक्युअर वर्ल्डला (कर्नलपासून वेगळ्या ठेवलेल्या सुरक्षित भागाला) कॉल करून द्यावी लागते आणि त्या कॉलला कीचे ३२ बिटांचे शब्द बिग एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी असे, लागतात. तुमच्या डेटाशीटमध्ये एंडियनबद्दल एखादीच ओळ असेल तर तिच्यावर विसंबू नका, पायरी ६ मध्ये कळेलच.

इव्हिक्टमध्ये एनेबल काढायचा आणि कीची जागाही शून्याने भरायची.

पायरी ४: रिक्वेस्टवर नंबर लावा

रिक्वेस्टमध्ये क्रिप्ट कॉन्टेक्स्ट (कुठल्या कीने आणि कुठल्या डीयूएनने एन्क्रिप्ट करायचं ती माहिती) असेल तर त्यातून डीयूएन आणि स्लॉटचा इंडेक्स काढून डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे कंट्रोलरला द्यायच्या कामाच्या नोंदीत, लिहायचा. सीक्यूएचसीआयमध्ये क्रिप्टो असेल तर टास्क डिस्क्रिप्टर १२८ बिटांचा होतो, त्याच्या वरच्या अर्ध्या भागात खालचे ३२ बिट डीयूएन, ३२ व्या बिटापासून स्लॉट, आणि ४७ वा बिट एनेबल. डिस्क्रिप्टरची लांबी बदलली की मेमरी किती घ्यायची ते गणितही बदलतं, तेही बघा.

कॉन्टेक्स्ट नसेल तर एनेबल बिट शून्यच पाहिजे, कारण फाइलसिस्टीमचा मेटाडेटा साधाच जातो आणि तोही त्याच क्यूतून.

आणि इथे एक गोष्ट मी अगदी ठासून सांगतो. कॉन्टेक्स्ट असलेली रिक्वेस्ट आली आणि कुठल्याही कारणाने, रिकव्हरी चालू आहे म्हणा, कमांड क्यू बंद आहे म्हणा, ती एन्क्रिप्ट करणं जमत नसेल, तर आयओ एरर द्या. साधी लिहून पुढे ढकलू नका. एरर दिली तर माणूस चिडेल, फोन करेल, आपण दुरुस्त करू. साधी लिहिली तर डेटा गेला तो गेलाच, आणि कुणाला कळणारही नाही. सीक्यूएचसीआयच्या इंटरप्ट स्टेटसमध्ये क्रिप्टोच्या चुकांचे दोन बिट आहेत, जनरल क्रिप्टो एरर आणि इनव्हॅलिड क्रिप्टो कॉन्फिगरेशन एरर, तेही एररच्या यादीत घाला.

पायरी ५: रिसेट आणि सस्पेंड

कंट्रोलर रिसेट झाला की स्लॉट बहुतेक करून रिकामे होतात, पण ब्लॉक लेयरला वाटत असतं की आपल्या की जागेवर आहेत. म्हणून रिसेटनंतर, पुढची रिक्वेस्ट जायच्या आधी, सगळ्या की परत भरणारं ब्लॉक लेयरचं फंक्शन बोलवायचं. एमएमसी कोअर हे कार्डची सुरुवातीची स्थिती लावताना स्वतः करतं. तुम्ही बघायचं ते इतकंच की तुमचा ड्रायव्हर स्वतःच्या कारणाने कुठे वेगळा रिसेट मारतोय का, आणि रिसेटनंतर क्रिप्टोचा मुख्य एनेबल बिट परत लागतोय का.

पायरी ६: चालतंय का, पुराव्यानिशी

आता खरं काम. आधी कर्नल कॉन्फिगमध्ये इनलाइन एन्क्रिप्शनचा फॉलबॅक बंद करा. फॉलबॅक चालू असला आणि तुमचं हार्डवेअर नीट रजिस्टर झालं नसलं तर कर्नल गुपचूप सीपीयूवर एन्क्रिप्ट करतो, सायफरटेक्स्ट अगदी बरोबर येतो आणि तुम्ही खुश, पण ड्रायव्हरची एक ओळही चाललेली नसते. फॉलबॅक बंद असला की न जमणारी की वापरायला घेतानाच एरर येते.

मग सिसएफएसमध्ये डिस्कच्या क्यूच्या फोल्डरात क्रिप्टो नावाचं फोल्डर दिसतंय का बघा, ५.१८ पासून ते असतं. आत स्लॉट किती, डीयूएनचे बिट किती आणि मोडच्या फोल्डरात डेटा युनिट साइजचा मास्क हेक्समध्ये. नुसतं ४०९६ चालत असेल तर तिथे १००० दिसेल.

पुढचं काम एका छोट्या टेस्ट मॉड्यूलने करा, फाइलसिस्टीम अजिबात मधे आणू नका. कारण एफएस-क्रिप्ट तुम्ही दिलेल्या कीवरून एचकेडीएफने दुसरी की काढतं आणि मग हाताने ताडायला अवघड जातं. मॉड्यूलमध्ये आपली ठरलेली ६४ बाइटची की घ्यायची, ० पासून ६३ पर्यंत चढते बाइट, तिच्यावरून बीएलके-क्रिप्टो-की तयार करायची, वापर सुरू करायचं फंक्शन बोलवायचं, बायोला (ब्लॉक लेयरच्या आयओ रिक्वेस्टला) कॉन्टेक्स्ट लावायचा आणि एका रिकाम्या पार्टिशनवर १६ केबी नुसती शून्यं लिहायची. सगळे बाइट सारखे असलेली की घेऊ नका, ओपनएसएसएल एक्सटीएसच्या दोन सारख्या की नाकारतं.

आता तीच जागा डीडी कमांडने डायरेक्ट फ्लॅग लावून वाचा, नाहीतर रॅममधल्या पेज कॅशमधलं काहीतरी हातात येईल. या वाचण्यात कॉन्टेक्स्ट नाही, त्यामुळे चिपवर जे पडलंय तेच कच्चं हातात येतं. शून्यं दिसली तर एन्क्रिप्शन झालेलंच नाही, विषय तिथेच संपला.

कचऱ्यासारखे बाइट दिसले तर पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने तीच की आणि तोच डीयूएन, १६ बाइटच्या लिटल एंडियन ट्वीकमध्ये घालून, ४०९६-४०९६ च्या चार तुकड्यांचं उत्तर काढा आणि बाइट बाय बाइट ताडा. हे दोनदा करायचं, एकदा डीयूएन ० घेऊन आणि एकदा हेक्स ०१०२०३०४ घेऊन. शून्य सरळ वाचलं काय आणि उलटं वाचलं काय सारखंच, म्हणून नुसत्या शून्यावर टेस्ट केली तर बाइट ऑर्डरची चूक लपून राहते.

जुळलं नाही तर कुठे जुळलं नाही ते नीट बघा, चूक स्वतःच पत्ता सांगते:

डीयूएन ० ला सुद्धा एक बाइट जुळत नाही, तर कीत गडबड आहे. शब्दांची एंडियन उलटी करून बघा, मग कीचे दोन अर्धे भाग अदलाबदल करून बघा.

० ला जुळतंय पण दुसऱ्या नंबरला नाही, तर डीयूएनचे बाइट उलटे जातायत किंवा डिस्क्रिप्टरमध्ये तो लिहिलाच जात नाही.

पहिले ४०९६ जुळले, पुढचे नाहीत, तर कंट्रोलर डीयूएन वाढवत नाही किंवा रिक्वेस्ट मधे तोडल्यावर तुकड्यांचा नंबर चुकतोय.

पहिले ५१२ बाइटच जुळले आणि पुढे बिघडलं, हा सगळ्यात छान नमुना. आपण सगळी शून्यंच लिहिलीत, त्यामुळे चिपवरच्या ५१२ व्या बाइटपासून जे दिसतंय ते तुमच्या पायथनच्या उत्तरात ४०९६ व्या बाइटपासून सापडतं का बघा. सापडलं तर कंट्रोलर ५१२ बाइटचं डेटा युनिट धरून प्रत्येक सेक्टरला नंबर एकने वाढवतोय, म्हणजे स्लॉटच्या नोंदीत ८ च्या जागी १ पडलाय. एवढं नेमकं निदान एका हेक्स डंपमधून होतं.

हे जुळल्यावर उलटी बाजू. पायथनने काढलेला सायफरटेक्स्ट साधा लिहा आणि हार्डवेअरकडून कॉन्टेक्स्ट लावून वाचून घ्या, शून्यं आली पाहिजेत. मग स्लॉटच्या संख्येपेक्षा जास्त की घेऊन एकाच वेळी लिहा म्हणजे इव्हिक्ट चालतं, आणि प्रत्येक कीचं उत्तर वेगळं ताडा. मग लिहीत असतानाच सस्पेंड-रिझ्यूम करा आणि जागं झाल्यावर लिहिलेला डेटा पुन्हा ताडा, वाचून नव्हे, कच्चा काढून ताडा. सस्पेंडची टेस्ट रात्रभर लावून ठेवलेली बरी.

फाइलसिस्टीमवर आणताना

ईएक्सटी४ ला एन्क्रिप्ट फीचर लावा आणि इनलाइनक्रिप्ट देऊन माउंट करा. नव्या कर्नलमध्ये एफएस-क्रिप्ट डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एक ओळ टाकतं की हा मोड बीएलके-क्रिप्टो नेटिव्ह वापरतोय की फॉलबॅक, ती ओळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फाइलची नावं मात्र नेहमी सीपीयूवरच एन्क्रिप्ट होतात, हार्डवेअरकडे फक्त आतला मजकूर जातो.

साध्या पॉलिसीत प्रत्येक फाइलला वेगळी की असते, आणि स्लॉट तर मोजकेच, मग हजार छोट्या लॉग फाइल असलेल्या बोर्डवर की सारख्या आत-बाहेर होत राहतात. त्यासाठी ईएमएमसीला आयव्ही-आयनो-एलबीएलके-३२ ही पॉलिसी आहे, तिच्यात अनेक फाइलना एक की आणि आयनोड नंबरचं (फाइलच्या अंतर्गत नंबरचं) हॅश फाइलमधल्या ब्लॉक नंबरमध्ये मिळवून ३२ बिटांचा डीयूएन. यात नंबर परत परत येऊ शकतात, म्हणजे सुरक्षा थोडी कमी होते, म्हणून मी ती फक्त खरंच स्लॉट पुरत नसतील तेव्हाच घेतो. यूएफएसवाल्यांना ६४ बिटांची भावंड पॉलिसी मिळते, त्यांना हा प्रश्न येत नाही.

फाइलसिस्टीम तपासायच्या एक्सएफएसटेस्ट या संचात सायफरटेक्स्ट कच्चा काढून ताडणाऱ्या टेस्ट तयार आहेत: जेनेरिक ५४८, ५४९, ५५०, ५८२, ५९२ आणि ६०२. माउंट ऑप्शनमध्ये इनलाइनक्रिप्ट घालून चालवा. काही टेस्ट स्किप झाल्या तर का झाल्या ते वाचा, ३२ बिट डीयूएनच्या कंट्रोलरवर ५९२ ची ६४ बिटांची पॉलिसी तुमच्या हार्डवेअरला जमत नाही आणि फॉलबॅक बंद असेल तर फाइलसिस्टीम ती स्वतः सीपीयूवर करते, तेव्हा ती पास झाली याचा तुमच्या ड्रायव्हरशी काही संबंध नाही. ६०२ खरी तुमची.

की ठेवायची कुठे, हा प्रश्न कारखान्यात लगेच येतो कारण बोर्डसमोर पासवर्ड टाकायला कुणी बसलेलं नसतं. एका कारखानदाराने मला विचारलं होतं, "साहेब, लाइट गेली आली की मशीन आपोआप चालू होणार ना?" होणारच, पण म्हणून की त्याच ईएमएमसीच्या बूट पार्टिशनवर ठेवली तर आतापर्यंत केलेलं सगळं वाया, चिपबरोबर कीही भंगारात जाणार. टीपीएम किंवा सिक्युअर एलिमेंट, म्हणजे की सांभाळणारी वेगळी चिप, बोर्डवर घ्या, त्याचा खर्च आधीच डिझाइनमध्ये धरा. काही नव्या चिपमध्ये हार्डवेअर रॅप्ड की असतात, म्हणजे खरी की कर्नललाही दिसत नाही, त्याचा सपोर्ट ब्लॉक लेयरमध्ये ६.१५ ला आणि एफएस-क्रिप्टमध्ये ६.१६ ला आलाय. तिथे इम्पोर्ट, जनरेट, प्रिपेअर असे आणखी कॉलबॅक लिहावे लागतात, पण रॉ कीचं सगळं नीट जुळल्याशिवाय तिकडे वळू नका, कारण की दिसत नसली की वरची पायथनची ताडणी त्या वाटेने करता येत नाही.

पॅच पाठवताना

कॅपॅबिलिटी वाचणं, प्रोफाइल आणि कॉलबॅक, डिस्क्रिप्टर, रिसेट असे वेगळे पॅच करा. शेवटी फ्लॅग लावणारा पॅच एकटा ठेवा, म्हणजे मधल्या कुठल्याही कमिटवर बायसेक्ट करणाऱ्याच्या (चूक कुठल्या कमिटने आली ते शोधणाऱ्याच्या) हातात अर्धवट एन्क्रिप्शन चालू झालेलं येत नाही. कव्हर लेटरमध्ये फॉलबॅक बंद होता हे, कुठल्या टेस्ट पास आणि कुठल्या स्किप हे, आणि कुठले डीयूएन घेऊन कच्चा सायफरटेक्स्ट ताडला हे लिहा. एफआयओ या टूलचे स्पीडचे आकडे देणार असाल तर त्याच बोर्डवर तीन वेळचे द्या: एन्क्रिप्शनशिवाय, सीपीयूवर आणि हार्डवेअरवर, आणि सीपीयूचा वापर किती टक्के होता तो शेजारीच.